सातचा भोंगा आणि मेंदूतली वजाबाकी

बेळगावला लागून, कर्नाटक विधिमंडळाच्या सुवर्ण विधानसौध या इमारतीच्या शेजारी असलेल्या हलगा गावात संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि नऊपर्यंत टीव्ही-मोबाईल बाजूला ठेवायचे, अशी बातमी आली आणि आमच्या भागात तिच्यावर भरपूर चर्चा झाली. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव इथे २०२२ पासून असाच भोंगा वाजतो. आमच्याकडच्या चर्चेत दोन वाक्यं पुन्हा पुन्हा कानावर आली. एक म्हणजे, ‘दोन तासांनी काय होणार, नऊ वाजले की परत आहेच.’ आणि दुसरं, ‘आता माणसाचं लक्ष आठ सेकंदसुद्धा टिकत नाही, गोल्डफिश बरा.’

दुसरं आधी निकालात काढतो. हा आठ सेकंदांचा आकडा २०१५ साली मायक्रोसॉफ्टच्या कॅनडा शाखेच्या एका जाहिरातविषयक अहवालामुळे जगभर पसरला. पत्रकारांनी त्याचा माग काढला, तेव्हा त्याच्या मुळाशी कोणताही प्रयोग सापडला नाही. त्या बिचाऱ्या माशावरही अन्यायच आहे. गोल्डफिश इतकं नीट शिकतो आणि लक्षात ठेवतो की १९६०च्या दशकात स्मरणशक्तीच्या अभ्यासासाठी शास्त्रज्ञांनी मुद्दाम तोच मासा निवडला होता. माणसाच्या मेंदूची लक्ष देण्याची ताकद दहा-वीस वर्षांत आटून जात नाही. लक्ष कुठे वळतं, ते बदललंय.

पहिलं वाक्य मात्र गांभीर्याने घेण्यासारखं आहे. दोन तास फोन बाजूला ठेवल्याने मेंदूत खरोखर काही होतं का? मला वाटतं, होतं. पण त्याचं श्रेय लोक ज्याला देतात, त्या मनाच्या निग्रहाला नाही. ते कळण्यासाठी मेंदूत चालणारी एक वजाबाकी समजून घ्यावी लागेल.

त्याआधी बेळगावच्या वडगाव-शहापूर भागातल्या एखाद्या यंत्रमागाच्या शेडमध्ये जाऊन उभे राहा. खडखडाट असा की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. विणकर मात्र पाठ फिरवून कांड्या भरत असतो, आणि मध्येच, काही झालेलं आपल्याला दिसतही नाही तेवढ्यात, वळून तिसऱ्या मागाकडे जातो. धागा तुटलेला असतो. ‘मामा, कळलं कसं?’ म्हटलं तर उत्तर येतं, ‘कानाला कळतंय की.’ सतत चालणारा आवाज मेंदू ऐकणं सोडून देतो. आवाजात फरक पडला की मान आपोआप वळते. कुत्र्यांवरच्या प्रयोगांसाठी प्रसिद्ध असलेल्या रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हने याला ‘हे काय आहे?’ची प्रतिक्षिप्त क्रिया म्हटलं होतं. ती निग्रहाने थांबवता येत नाही, आणि थांबवूही नये. रानात आपले पूर्वज तिच्यामुळेच जगले. फोनची थरथर नेमकी याच दारातून आत शिरते. पण थरथर झाली नाही तरी आपण फोन उचलून बघतो. त्याचं काय? तिथे वजाबाकी येते.

स्वित्झर्लंडमधल्या फ्रिबूर्ग विद्यापीठात वोल्फ्राम शुल्ट्झ नावाचे शास्त्रज्ञ माकडांच्या मध्यमेंदूत केसाहून बारीक तार घालून एकेका पेशीचे विजेचे ठोके ऐकत होते. या पेशी डोपामीन नावाचं रसायन सोडतात. माणसाच्या मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आहेत, आणि त्यांत डोपामीनवाल्या पेशी फक्त काही लाख. पण त्यांचे धागे मेंदूभर पसरलेले असतात, त्यामुळे मूठभर पेशींचं म्हणणं दूरवर पोहोचतं. शांत असताना यातली पेशी सेकंदाला साधारण चार-पाच ठोके देते.

माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की ठोक्यांचा झटका येई. इथवर कुणालाही पटेल: रस मिळाला, मेंदू खूश झाला. मग शुल्ट्झनी रसाआधी दिवा लावायला सुरुवात केली. दिवा लागला की थोड्या वेळाने रस, दर वेळी. माकड हे शिकलं आणि मग विलक्षण गोष्ट दिसली. रस मिळाल्यावर त्या पेशी गप्प! रस तोच, माकड तेच, रस आवडीने पितही होतं. झटका आता दिवा लागण्याच्या क्षणाला येत होता. आणि दिवा लावून रस दिलाच नाही, तर ज्या क्षणी रस यायला हवा होता बरोबर त्याच क्षणी पेशीचे ठोके थांबत. समोर काहीही घडलेलं नाही, आणि पेशी त्या न घडण्याची नोंद घेते आहे! हा आलेख मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ त्यावरून नजर हलली नाही.

पीटर दायान आणि रीड माँटेग्यू या दोन शास्त्रज्ञांनी ओळखलं की या पेशी सुख मोजत नाहीत. त्या एक वजाबाकी करतात: जे मिळालं, त्यातून जे अपेक्षित होतं ते वजा. शुल्ट्झसह त्यांनी हे १९९७ साली ‘सायन्स’मध्ये मांडलं. गंमत म्हणजे हे सूत्र त्यांना संगणकाला शिकवण्याच्या शास्त्रात तयार मिळालं होतं. ते घडवणाऱ्या रिचर्ड सटन आणि अँड्र्यू बार्टो यांना संगणकशास्त्रातला सर्वोच्च मानला जाणारा ट्यूरिंग पुरस्कार २०२४ सालासाठी मिळाला.

आता जरा कागद-पेन्सिल घ्या. रसाची किंमत १० धरू. सुरुवातीला अपेक्षा शून्य. रस मिळाला, फरक १०. मेंदू हा सगळा फरक एकदम अपेक्षेत जमा करत नाही. समजा पाचवा हिस्सा करतो. अपेक्षा झाली २. पुढच्या वेळी फरक ८, त्याचा पाचवा हिस्सा १.६, अपेक्षा ३.६. मग ४.८८. तीसेक वेळा हे झालं की अपेक्षा जवळजवळ १० आणि फरक जवळजवळ शून्य. शिकणं संपलं, झटका संपला. रोज ठरलेल्या वेळी येणाऱ्या दुधाच्या पिशवीकडे कुणी धडधडत्या छातीने बघत नाही, ते यामुळे.

आता रस दर वेळी देऊ नका. कधी द्या, कधी नको, सरासरीने निम्म्या वेळा. अपेक्षा सरकत सरकत ५ च्या आसपास येते आणि तिथेच घुटमळते. रस मिळाला की फरक अधिक ५, नाही मिळाला की उणे ५. तीस वेळा करा, तीनशे वेळा करा, फरक शून्य होत नाही. खात्रीच्या गोष्टीत वजाबाकी एक दिवस संपते. बेभरवशाच्या गोष्टीत ती कधीच संपत नाही. २००३ साली शुल्ट्झ यांच्या गटाला आणखी एक गोष्ट दिसली. इशारा आणि निकाल यांच्यामधल्या वाट पाहण्याच्या काळातही या पेशींचे ठोके हळूहळू चढत जातात, आणि सगळ्यात जास्त चढतात ते शक्यता बरोबर निम्मी असताना.

फोन म्हणजे बरंचसं हेच. उघडला की कधी भावाचा पुण्याहून फोटो, कधी बारावा सुप्रभात. आम्हा सीमाभागातल्या लोकांना तर बेभरवशाच्या बातमीची वाट पाहण्याची वेगळी ओळख करून द्यायला नको. महाराष्ट्राने सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात लावला २००४ साली. तेव्हापासून तारीख लागली का, काही हललं का, हे विचारत एक पिढी म्हातारी झाली. डिसेंबरात इथे कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की मराठी आणि कन्नड, दोन्हीकडच्या ग्रुपांवर रात्रंदिवस मेसेज वाहतात. बस बंद आहेत म्हणे, अमक्याला अडवलं म्हणे. त्यातलं एखादं खरं निघतं. आणि ते एखादं खरं निघतं म्हणूनच हात दर दोन मिनिटांनी खिशात जातो.

फोन आणि माकडाचा दिवा यांत एक फरकही आहे, आणि माझ्या मते सगळी मेख तिथे आहे. माकडाला रस कधी यायचा हे माहीत होतं, म्हणून तो न आल्याचा एक नेमका क्षण होता. त्या क्षणी ठोके थांबत, ‘उणे’ची नोंद होई आणि अपेक्षा खाली येई. मेसेज मात्र कधीही येऊ शकतो. त्यामुळे तो ‘आला नाही’ असा क्षणच उगवत नाही. उणेची नोंद करायला मेंदूला जागा मिळत नाही आणि अपेक्षा दिवसभर तशीच टांगून राहते. शिवाय पेशी मुळात सेकंदाला चार-पाचच ठोके देते. अपेक्षेपेक्षा जास्त मिळालं की ती वीस-पंचविसावर जाऊ शकते, निराशेत शून्याच्या खाली जाऊ शकत नाही. मोठी निराशा ठोक्यांच्या संख्येत मावत नाही. ठोके किती वेळ थांबले, यावरून ती नोंदली जाते असं दिसतं. म्हणजे या वहीत जमेचा रकाना रुंद आणि खर्चाचा अरुंद.

आता हलग्याचा भोंगा पाहा. एकट्या माणसाने ‘आजपासून संध्याकाळी फोन बघणार नाही’ असं ठरवलं, तरी बाकीच्यांचे मेसेज येतच राहतात. शक्यता तशीच, ओढ तशीच. फक्त तो दात-ओठ खाऊन बसलेला असतो. गावाने मिळून ठेवला तर ज्यांचे मेसेज यायचे त्यांचेही फोन खाली असतात. मेसेज येण्याची शक्यता जवळजवळ शून्यावर येते आणि सुरुवात-शेवट घड्याळात ठरलेली असते. वजाबाकीला काठ मिळतो. काही आठवड्यांत मेंदू एवढं तरी शिकू शकेल की सात ते नऊ यात काही यायचं नाही. पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलीला गणित सोडवायला त्याहून जास्त काय हवं?

हे माझं अनुमान आहे. पण त्याला बळ देणारा एक प्रयोग आपल्याच देशात झालाय. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात भारतातल्या दोनशेहून अधिक फोनधारकांचे गट पाडले. काहींना नोटिफिकेशन नेहमीसारखी येत राहिली, काहींना दिवसातून ठरलेल्या तीन वेळांना गठ्ठ्याने, काहींची पूर्ण बंद. तीन वेळा गठ्ठा मिळणाऱ्यांचं लक्ष जास्त लागलं, मनही जास्त स्वस्थ राहिलं. पूर्ण बंद करणाऱ्यांना तो फायदा फारसा झाला नाही, उलट आपलं काही सुटतंय की काय ही धास्ती वाढली. निग्रहाच्या हिशेबाने पूर्ण बंद करणारे पुढे असायला हवे होते. वजाबाकीच्या हिशेबाने ठरलेली वेळ जिंकते, आणि तीच जिंकली.

हलग्यात हे मोजून बघायला हवं. राणी चन्नम्मा विद्यापीठातल्या एखाद्या विद्यार्थ्याने भोंगा असलेलं आणि नसलेलं अशी दोन गावं घेऊन, मुलांचे फोन दिवसातून किती वेळा उघडतात याची नोंद केली तर पदवीच्या प्रबंधाला पुरेल एवढं काम आहे.

इथे दोन गोष्टींवर रागाने लिहावंसं वाटतं. पहिली, शहरांतून घेतले जाणारे ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग. हजारो रुपये फी, आठवड्याभरात एकाग्रता वाढणार, मूल डोळ्यांवर पट्टी बांधून वाचणार. मूल वाचतं ते नाकाजवळच्या फटीतून. मंगळुरूचे अंधश्रद्धाविरोधी कार्यकर्ते नरेंद्र नायक यांनी हे जाहीर आव्हानं देऊन दाखवलंय. आपण वर ज्या पेशी पाहिल्या त्या मध्यमेंदूतच असतात आणि त्या जन्मल्यापासून चालू असतात. त्या मरू लागल्या की पार्किन्सन हा हालचाली मंदावणारा आजार होतो, चहाचा कप उचलणं अवघड होतं. निरोगी मुलाचा मध्यमेंदू ‘चालू’ करून देतो म्हणणारा माणूस पालकांना फसवतो आहे.

दुसरी, ‘डोपामीन डिटॉक्स’, म्हणजे काही दिवस फोन वगैरे सोडून मेंदूतलं डोपामीन ‘साफ’ करण्याचा सल्ला. डोपामीन हे साचलेलं विष नाही की उपास करून बाहेर काढावं. ते खरोखर काढलं तर काय होतं, हे स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी १९५०च्या दशकात दाखवलं. आपल्या सह्याद्रीतही सापडणाऱ्या सर्पगंधेपासून रेसर्पिन मिळतं. ते दिल्यावर सशांच्या मेंदूतलं डोपामीन संपलं आणि ससे जागचे हलेनात. डोपामीन ज्यापासून बनतं ते एल-डोपा टोचल्यावर काही मिनिटांत ते पुन्हा हिंडू लागले. या कामाला २००० साली नोबेल मिळालं आणि पार्किन्सनच्या रुग्णांना औषध. एवढ्या मोलाच्या रसायनाला कचरा म्हणणारे व्हिडिओ मुलांना दाखवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

गावात भोंगा नसेल तर घरापुरतं हे जमतं. ग्रुपांचे आवाज बंद, फोन कॉलची घंटा चालू. कुणाला दवाखान्यात नेलं तर माणूस कॉल करतो. मेसेज बघायच्या वेळा ठरवायच्या, सकाळी, जेवणानंतर आणि रात्री, आणि त्या घरच्यांना, जवळच्या मित्रांना सांगून ठेवायच्या. हे सांगणं महत्त्वाचं, कारण त्यानेच समोरच्याचीही अपेक्षा बदलते. अभ्यासाच्या वेळी फोन उलटा ठेवण्यापेक्षा दुसऱ्या खोलीत ठेवावा. नजरेला पडणारा फोन हाही दिवाच आहे.

पहिले काही दिवस ओढ कमी होण्याऐवजी वाढलेली जाणवू शकते. बक्षीस अचानक थांबवलं की प्राणी आधी जास्त जोराने कळ दाबतो, मग सोडतो; प्रयोगशाळेत हे अनेकदा दिसलंय. गणपतीच्या सुट्टीत वेळा मोडल्या आणि नंतर सवय पुन्हा उसळली, तरी पालकांनी मुलावर चिडू नये. विझलेली सवय काही काळाने आपोआप परत डोकं वर काढते, हे पावलोव्हने शंभर वर्षांपूर्वी कुत्र्यांमध्ये नोंदवलं होतं. वेळा पुन्हा लावल्या की ती विझायला पहिल्या खेपेपेक्षा कमी दिवस लागतात.