‘एक मूल झालं की थांबेल’: एंडोमेट्रिओसिसच्या उपचारांमागचा इतिहास

पाळीत अंथरूण धरणाऱ्या मुलीला आपल्याकडे दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. ‘दुखतंच गं, आम्हालाही दुखायचं’ हे एक. ‘लग्न झालं, एक मूल झालं की थांबेल’ हे दुसरं. यातलं दुसरं निव्वळ आजीबाईंचं नाही. विसाव्या शतकात ते नामवंत डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत मांडलं आणि एंडोमेट्रिओसिसच्या उपचारांना पुढे जे वळण लागलं, त्यात या विचाराचा मोठा वाटा आहे.

आजार थोडक्यात असा. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारख्या पेशी बाहेर, म्हणजे बीजांडकोषांवर, पोटाच्या आतल्या पडद्यावर, कधी आतड्यांवर किंवा मूत्राशयावर वाढतात. पाळीची संप्रेरकं त्यांच्यावरही परिणाम करतात. मग सूज येते, रक्त साकळतं, अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातल्या सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात जवळपास १९ कोटी स्त्रियांना हा त्रास आहे.

व्हिएन्नाचे डॉक्टर रोकिटान्स्की यांनी १८६० मध्ये हा आजार प्रथम ओळखला, असं बरीच पुस्तकं सांगतात. इतिहासकारांत त्यावर वाद आहे. आजाराला आजचं रूप आणि नाव मिळालं ते अमेरिकेतल्या ऑल्बनी इथल्या जॉन सॅम्पसन या शल्यविशारदामुळे. बीजांडकोषातल्या ज्या गाठीला सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये आजही ‘चॉकलेट सिस्ट’ म्हणतात, तिच्यावर त्यांनी १९२१ मध्ये लिहिलं. १९२७ मध्ये त्यांनी मांडलं की पाळीचं थोडं रक्त बीजवाहिन्यांतून उलटं पोटात उतरतं आणि त्यातल्या पेशी तिथेच रुजतात. पुढे कळलं की असा उलटा प्रवाह बहुतेक सगळ्याच स्त्रियांमध्ये होतो. मग आजार काहींनाच का, याचं पूर्ण उत्तर आजही हाती नाही.

या रिकाम्या जागेत समाजाची मतं शिरली. बॉस्टनचे जो मेग्ज हे हार्वर्डचे मोठे स्त्रीरोगतज्ज्ञ. त्यांच्या खाजगी दवाखान्यात येणाऱ्या सुस्थितीतल्या स्त्रियांमध्ये हा आजार जास्त दिसतो, हे त्यांनी टिपलं. कारण काढलं ते उशिरा लग्न आणि उशिरा मूल. १९४० च्या दशकात त्यांनी उपायही सुचवला: लवकर लग्न, लवकर बाळंतपण. ‘नोकरदार बाईचा आजार’ हा शिक्का पुढे कित्येक दशकं टिकला. महागड्या दवाखान्यात कोण येऊ शकतं, हा साधा प्रश्न फारसा कुणी विचारला नाही. १९७६ मध्ये शिकागोचे डॉ. डोनाल्ड चॅटमन यांनी तो विचारला. ओटीपोटातला ‘जंतुसंसर्ग’ (जो बहुधा शरीरसंबंधातून आलेला समजला जायचा) असं निदान झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांची त्यांनी दुर्बिणीतून तपासणी केली, तेव्हा त्यांतल्या २० टक्क्यांहून अधिक जणींना एंडोमेट्रिओसिस निघाला. दुखणं एकच. श्रीमंत गोरी बाई असेल तर करिअरचा दोष, गरीब काळी असेल तर चारित्र्याचा संशय.

औषधंही त्याच विचाराच्या वाटेने आली. गरोदरपणात पाळी थांबते आणि काहींना आराम पडतो, म्हणून १९५० च्या दशकाअखेरीस अमेरिकन डॉक्टर रॉबर्ट किस्टनर यांनी संप्रेरकांच्या गोळ्यांनी गरोदरपणाची नक्कल केली. १९७० च्या दशकात डॅनाझोल आलं. वेदना कमी व्हायच्या, पण वजन वाढायचं, चेहऱ्यावर केस यायचे, आवाज घोगरा व्हायचा. त्यानंतरच्या इंजेक्शनांनी तात्पुरत्या रजोनिवृत्तीची नक्कल केली. त्यात हाडं ठिसूळ होतात, म्हणून ती फार काळ देता येत नाहीत. यातलं एकही औषध आजार मुळापासून घालवत नाही.

आजाराच्या टप्प्यांचा गोंधळ वेगळाच. रिपोर्टवर दिसणारे एक ते चार टप्पे अमेरिकेतल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेने १९७९ मध्ये आखले, तेही प्रामुख्याने मूल होण्याच्या दृष्टीने. त्यामुळे पहिल्या टप्प्यातली बाई कळांनी लोळू शकते आणि चौथ्यातलीला काहीच जाणवत नाही, असंही घडतं. शिवाय वर्षानुवर्षं दुखत राहिलं की मज्जासंस्थाच हळवी होते, ओटीपोटाचे स्नायू सतत आखडलेले राहतात. अशा वेळी गाठ काढूनही दुखणं उरतं, आणि फिजिओथेरपी उपचाराचा भाग होते.

‘पिशवीच काढून टाका’ हा आपल्याकडचा आवडता तोडगा इथे अपुरा पडतो, कारण आजार पिशवीबाहेर असतो. बीडच्या ऊसतोड महिलांचं प्रकरण २०१९ मध्ये गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर सुमारे ८२ हजार जणींच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक गर्भाशय-शस्त्रक्रिया आल्या. त्या सगळ्या एंडोमेट्रिओसिसच्या नव्हेत. पण पोटदुखी, अंगावरून जाणं अशा तक्रारींचा नीट शोध घेण्याऐवजी थेट सुरी, हे चित्र त्यात स्पष्ट दिसलं. खाडा झाला की मजुरी कापली जाते, हेही त्यामागे होतंच.

युरोपीय तज्ज्ञ संघटनेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत दोन गोष्टी बदलल्या. निदानासाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेवर अडून राहू नये, लक्षणं आणि सोनोग्राफी किंवा एमआरआयवरून उपचार सुरू करता येतात. आणि केवळ आजार बरा व्हावा म्हणून गरोदर राहण्याचा सल्ला देऊ नये. संशोधनात आजवर भर होता तो युरोपीय वंशाच्या स्त्रियांवर. भारतीय स्त्रियांमधली लक्षणं आणि जनुकं तपासण्याचा प्रकल्प मुंबईत, परळच्या राष्ट्रीय प्रजनन व बाल आरोग्य संशोधन संस्थेने हाती घेतला आहे.