एकच यमुना, निरनिराळे वाचक

बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी आली १८५७ साली. विधवा पुनर्विवाहाचा कायदा होऊन जेमतेम वर्ष झालं होतं आणि खुद्द पदमनजींना बाप्तिस्मा घेऊन तीन वर्षं. यमुना नवऱ्यासोबत गावोगाव फिरते, विधवांचे हाल बघते आणि पुढे स्वतःच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते.

हा शेवट कुणाला कादंबरीचा कळस वाटतो, कुणाला वरून लावलेलं ठिगळ. पुस्तक मिटल्यावर ज्याच्या-त्याच्या धर्माप्रमाणे मतं बनत असतील, असं आपण धरून चालतो. वाचनाच्या मानसशास्त्राचं म्हणणं वेगळं आहे. मत बनायच्या आधीच, वाचता वाचता, फरक पडलेला असतो.

१९७९ साली मार्गारेट स्टेफन्सन, चित्रा जोग-देव आणि रिचर्ड अँडरसन यांनी भारतीय आणि अमेरिकन वाचकांना दोन पत्रं वाचायला दिली. एकात इथलं लग्न, दुसऱ्यात तिथलं. आपापल्याकडचं लग्न दोन्ही गटांनी भराभर वाचलं, जास्त लक्षात ठेवलं. अमेरिकन नवरीने आजीचा लग्नातला पोशाख घातला होता. तिकडे ही कौतुकाची रीत. एका भारतीय वाचकाला मात्र आठवलं ते असं, की पोशाख फार जुना होता, त्याची फॅशन गेली होती. पत्रात असलं काही नव्हतंच!

धर्माच्या बाबतीतही हेच. १९८३ साली मार्जरी लिप्सन यांनी कॅथलिक आणि ज्यू शाळकरी मुलांना दोन्ही धर्मांच्या विधींवरचे उतारे दिले, तेव्हा परक्या विधीच्या आठवणीत चुका जास्त निघाल्या. कुठल्याच मजकुरात सगळं लिहिलेलं नसतं. मधल्या रिकाम्या जागा आपण ठाऊक असलेल्या गोष्टींनी भरतो, आणि भरलेलं कुठलं, वाचलेलं कुठलं, हे मागाहून सांगता येत नाही.

आता पुन्हा यमुनेकडे. तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, विनायकचा, ओढा आधीपासूनच ख्रिस्ती धर्माकडे आहे, आणि तशा खुणा कादंबरीभर आहेत. शंका, मंथन, श्रद्धा हा प्रवास ओळखीचा असलेल्या वाचकाला त्या सहज दिसत असणार. त्याच्या लेखी धर्मांतर अचानक होत नाही. हिंदू सुधारकी वळणाच्या वाचकाच्या मनात विधवांचं केशवपन घट्ट बसतं, खुणा गळून जातात, आणि मग शेवट उपरा वाटतो. हा माझा तर्क, पण प्रयोगांशी जुळणारा. अर्थात सगळं धर्मावर ढकलू नये. घरातल्या विधवेचं केशवपन पाहिलेल्या बाईचं वाचन कुठल्याही धर्माच्या पुरुषाहून वेगळंच होणार.

समीक्षकही यातून सुटलेले नाहीत. ‘प्रचारकी’ म्हणून ‘यमुनापर्यटन’ बाजूला सारून पहिल्या कादंबरीचा मान १८६१ च्या ‘मुक्तामाले’ला देणारे आहेत. तिच्यातल्या पातिव्रत्याच्या गौरवाला मात्र प्रचार म्हणायचं सहसा कुणाला सुचत नाही.