वीज कोळशाचीच, मग इलेक्ट्रिक गाडीने काय साधतं?

‘वीज कोळशाची, वर बॅटरी बनवतानाचं प्रदूषण, म्हणजे इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलइतकीच घाण करते’ हा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. शंका रास्त आहे, पण हिशेब पुरता मांडला की उत्तर बदलतं.

सातारा ते सांगली साधारण 120 किमी धरा. 15 चं ॲव्हरेज असेल तर 8 लिटर पेट्रोल. लिटरमागे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे 18 किलो. शुद्धीकरण आणि टँकरची वाहतूक धरून 22 च्या आसपास. तेवढ्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी युनिटला 7 किमी जाते, म्हणजे 17 युनिट. देशाच्या ग्रिडची, म्हणजे सगळी वीज एकत्र वाहून नेणाऱ्या जाळ्याची, सरासरी युनिटला सुमारे 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड, तारांमधली गळती मिळवून 15 किलो. कोयनेची वीज आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या साताऱ्याच्याच, पण ग्रिड एकच, म्हणून सरासरीच धरायची.

बॅटरीचा मुद्दा मात्र खरा आहे. 30 युनिटची बॅटरी बनताना दोन-तीन टन उत्सर्जन होतं. खेपेला 7 किलो वाचतात, म्हणजे ते फिटायला 35 ते 50 हजार किमी. वर्षाला चार हजारच फिरणाऱ्या गाडीला त्यासाठी दहा वर्षं लागतील.

घरी पडताळायचं तर टाकी फुल ते फुल मोजा आणि चार्जिंग पॉइंटला सबमीटर बसवा. गाडीच्या स्क्रीनवरचा आकडा धरू नका. चार्जिंगमध्ये दहाएक टक्के वीज उष्णतेत जाते, ती तिथे सहसा दिसत नाही. आणि छोट्या गाडीची तुलना छोट्या गाडीशीच करा.