जर्मन 'कुकुक': पक्ष्याच्या हाकेपासून जप्तीच्या सीलपर्यंत

जर्मनमधे आपल्या कोकिळेच्या कुळातल्या एका पक्ष्याला 'कुकुक' म्हणतात. नर ओरडतो तेच नाव. लॅटिनमधे 'कुकुलुस', संस्कृतात 'कोकिल', सगळीकडे माणसाच्या कानाने तोच आवाज टिपलाय, मला हे फार भारी वाटतं.

पण जुन्या जर्मनमधे याला 'गाउख' म्हणायचे. पुढे गाउख म्हणजे मूर्ख माणूस असा अर्थ झाला आणि पक्ष्याला कुकुक हेच नाव राहिलं.

आता पक्ष्याचे उद्योग बघा. आपली कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते, कुकुकची मादी बोरूच्या बेटात राहणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांच्या घरट्यात घालते, आणि पिल्लू बाहेर आलं की डोळेही उघडलेले नसतात, अंगावर पीस नसतं, तरी पाठीवर एकेक अंडं घेऊन ते घरट्याच्या काठावरून खाली ढकलून देतं. म्हणून दुसऱ्याने गळ्यात मारलेल्या लचांडाला जर्मन लोक 'कुकुकचं अंडं' म्हणतात.

अशा पक्ष्याचं नाव सैतानाला मिळालं. सैतानाचं नाव तोंडाने घ्यायचं नाही, जसं आपल्याकडे रात्री सापाला जनावर म्हणतात, मग 'तुला सैतान नेवो' ऐवजी 'तुला कुकुक नेवो'. आपण वैतागून 'देव जाणे' म्हणतो तिथे ते आजही 'कुकुक जाणे' म्हणतात.

घड्याळातला कुकुक सगळ्यांना माहितीय. जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्ट या डोंगराळ भागात ही घड्याळं 18व्या शतकापासून बनतात, आत दोन छोटे भाते आणि दोन शिट्ट्या, एक भाता पडला की 'कु', दुसरा पडला की 'कुक'. घराच्या आकाराचं जे रूप आपण ओळखतो ते 1850 मधे फ्रीडरिश आयझेनलोर नावाच्या आर्किटेक्टने केलेल्या डिझाइनवरून आलं.

पण मला सगळ्यात जिवंत वाटतो तो जप्तीचा कुकुक. कर्ज थकलं की कोर्टाचा बेलीफ घरी येऊन कपाटाला, पियानोला सरकारी सील चिकटवायचा. प्रशियात, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या जर्मन राज्यात, त्या सीलवर राज्याचा गरुड असायचा. ज्यांच्या घरातलं सामान जाणार ते कशाला त्याला गरुड म्हणतील, त्यांनी त्याचा कुकुक केला. आता सील साधं असलं तरी लोक कुकुकच म्हणतात, आणि तो कुकुक परस्पर काढून टाकणं हा आजही जर्मनीत गुन्हा आहे.