पार्श्वभूमी: नागपूरची वस्त्रे, नागपूरच्या वास्तू आणि एका छायाचित्रमालिकेवरील मतभेद

नागपुरात फॅशन डिझाइनच्या अंतिम वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने पदवी प्रकल्प म्हणून वस्त्र आणि वास्तू यांच्या परस्परसंबंधावर छायाचित्रमालिका तयार केली असून, तिच्या स्थळनिवडीवरून महाविद्यालयात आणि बाहेरही मतभेद झाले आहेत. महाल या जुन्या भागातील वाडा, एम्प्रेस मिलची जागा, उच्च न्यायालयाची इमारत आणि मेट्रोचे खांब या मालिकेत आहेत; दीक्षाभूमी मात्र नाही. ती नजरचुकीने राहिलेली नाही. हा निर्णय विचारपूर्वक घेतला गेला, त्याला दोन्ही बाजूंनी विरोध झाला, आणि त्याची कारणे या शहरातील कापडाच्या आणि इमारतींच्या इतिहासात खोलवर गेलेली आहेत.

वस्त्र आणि वास्तू यांची सांगड घालणारा सिद्धांत युरोपात ठळकपणे मांडला गेला तो १८५१ साली. गॉटफ्रीड सेम्पर या जर्मन वास्तुविशारदाने त्या वर्षी असे प्रतिपादन केले की, भिंतीचा उगम दगडाविटांत शोधण्याऐवजी माणसाने आडोशासाठी विणलेल्या चटयांत आणि पडद्यांत शोधावा. पुढे हा विचार मागे पडून बाह्य साम्याचेच आकर्षण वाढले. जानेवारी १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या एका नृत्यसमारंभात वास्तुविशारद आपापल्या इमारतींचा पोशाख करून आले होते आणि क्रायस्लर इमारतीच्या वास्तुविशारदाने तिचा कळस डोक्यावर चढवला होता. छायाचित्रकारांनी इमारतीचा उपयोग अधिक गांभीर्याने केला. एर्विन ब्लूमेनफेल्ड यांनी १९३९ मध्ये आयफेल टॉवरच्या लोखंडी सांगाड्यावर उभ्या असलेल्या मॉडेलचा फडफडणारा घेर टिपला, तर सेसिल बीटन यांनी १९४१ मध्ये बॉम्बवर्षावात ढासळलेल्या लंडनमधील एका वास्तूच्या भग्नावशेषांकडे पाहणारी, नेटका सूट घातलेली पाठमोरी स्त्री दाखवली. पुढे १९८२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स येथे आणि २००६ मध्ये लॉस एंजेलिस येथे या विषयावर स्वतंत्र प्रदर्शने भरली, आणि डिझाइनच्या वर्गांत तो रुळला. प्रस्तुत लेखकाच्या मते या सगळ्यांत नागपूरला सर्वाधिक जवळचे आहे ते बीटन यांचे छायाचित्र, कारण त्यातील सूटला अर्थ येतो तो मागच्या वास्तूवर नुकत्याच गुदरलेल्या प्रसंगामुळे. सूटच्या आणि भिंतीच्या आकारात तेथे कोणतेही साम्य नाही.

विद्यार्थिनीचा पहिला आराखडा साम्याचाच होता. उच्च न्यायालयाच्या घुमटावरून घेतलेला, आत कड्या घालून फुगवलेला घागरा आणि मुख्य टपाल कार्यालयाच्या कमानींवरून बेतलेले जाकीट अशी रेखाटने तिने सादर केली होती. अशी वस्त्रे देखणी होतात आणि परीक्षकांना ती चटकन कळतात, हे खरे आहे. परंतु ती कोणत्याही शहरातील कोणत्याही घुमटावरून करता येतात, आणि घुमट बदलला तरी छायाचित्राचा अर्थ बदलत नाही. हाच आक्षेप एका शिक्षिकेने घेतला, तेव्हा विद्यार्थिनी करवतकाठीच्या साडीकडे वळली. टसरच्या, म्हणजे आपल्याकडच्या कोशाच्या, या साडीचे विणकर प्रामुख्याने भंडारा जिल्ह्यातील मोहाडी, आंधळगाव अशा गावांत आहेत आणि तिला भौगोलिक उपदर्शनही, म्हणजे विशिष्ट प्रदेशाचे उत्पादन म्हणून मिळणारी कायदेशीर ओळखही (जीआय), मिळालेले आहे. तिच्या काठावरील दाते छापलेले किंवा भरतकामाने काढलेले नसतात. तीन धोटे वापरून काठाचा आणि अंगाचा, म्हणजे साडीच्या मधल्या भागाचा, बाणा (आडवा धागा) प्रत्येक फेरीला एकमेकांत अडकवावा लागतो, त्यासाठी मागावर दोघांचे हात लागतात, आणि दोन रंग जेथे भेटतात तेथे देवळाच्या शिखरांसारखी रांग उभी राहते. काठ आणि अंग एकमेकांना धरून ठेवतात तो हा सांधा बांधकामाचाच आहे, एवढे लक्षात आल्यावर कड्यांचा घागरा आपोआप बाजूला पडला आणि प्रकल्पाचा प्रश्न बदलला: कोणते कापड या शहरात कोणी विणले, आणि ते नेसून कोणाला कोणत्या इमारतीपर्यंत जाता आले?

गोंड राजा बख्तबुलंद शाहाने अठराव्या शतकाच्या आरंभी वसवलेल्या नगरापासून भोसल्यांच्या राजधानीपर्यंतचा काळ मालिकेत एकाच संचात आटोपला आहे. काळ्या पाषाणाचा आणि लाकडी कोरीवकामाने नटलेला भोसल्यांचा राजवाडा १८६४ मध्ये जळून गेला, त्यामुळे त्या काळाची साक्ष देण्याचे काम महालातील उरल्यासुरल्या वाड्यांकडे आले आहे. तेथील सागवानी खांबांच्या सोप्यात नऊवारी नेसलेली वयस्क स्त्री उभी आहे; चौकातून येणारा वरचा उजेड निऱ्यांवर आणि खांबांच्या खोबणींवर सारखाच पडतो. संच सुबक आहे, मात्र त्यावर कोणी वाद घातला नाही आणि येथेही त्यावर अधिक लिहिण्याचे कारण नाही.

एम्प्रेस मिलचा संच वेगळा आहे, कारण तेथे वास्तूच उरलेली नाही. १ जानेवारी १८७७ रोजी, इंग्लंडच्या राणीला भारताची सम्राज्ञी म्हणून घोषित केले त्याच दिवशी, जमशेटजी टाटांनी ही मिल सुरू केली. वऱ्हाडाचा कापूस आणि दहा वर्षांपूर्वी, १८६७ मध्ये, नागपुरापर्यंत आलेली रेल्वे यांच्या आधाराने ती वाढली. मिलचा भोंगा हेच अनेक पिढ्यांचे घड्याळ होते. पाचपावली, गोळीबार चौक आणि परिसरातील हातमागाच्या कोष्टी विणकरांना मिलच्या स्वस्त कापडाने हैराण केले आणि त्याच मिलने शहराच्या वस्त्यांतील हजारो स्त्रीपुरुषांना रोख मजुरी दिली. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. मिल १९८६ मध्ये राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये कायमची बंद झाली. आज त्या जागेवर मॉल आणि निवासी इमारती आहेत. विद्यार्थिनीने मॉलच्या काचेसमोर एका निवृत्त कामगाराच्या घरातून मिळालेले जुने मिलचे धोतर नेसलेला तरुण उभा केला आहे. काचेत दिसते ते आतल्या दुकानांतील तयार कपड्यांचे प्रतिबिंबांनी भरलेले रूप, आणि यांतील एकही कपडा त्या जागी विणलेला नाही.

सिव्हिल लाइन्सचा, म्हणजे इंग्रजी अधिकाऱ्यांच्या जुन्या वस्तीचा, इतिहास सांगताना न्यायालयाच्या वालुकाश्मापाशी थांबण्याची आपल्याकडे सवय आहे. हेन्री मेड या वास्तुविशारदाने रेखाटलेली ही इमारत जानेवारी १९४० मध्ये खुली झाली आणि तिचे सौंदर्य वादातीत आहे. पण त्याआधी सतरा वर्षे, १९२३ च्या मे महिन्यात, खादीचा झेंडा घेऊन याच भागात शिरण्यास बंदी घातली गेली होती. ती मोडण्यासाठी देशभरातून स्वयंसेवक नागपुरात आले, शेकडोंनी तुरुंगवास पत्करला, वल्लभभाई पटेलांनी आंदोलनाची सूत्रे हाती घेतली आणि ऑगस्टमध्ये मिरवणूक अखेर सिव्हिल लाइन्समधून गेली. एक हातभर कापड कोणत्या रस्त्यावरून न्यायचे, यावर झालेला हा सत्याग्रह वस्त्र आणि वास्तू यांच्या नात्याच्या अभ्यासक्रमात कोठेही नाही, ही खेदाची बाब आहे. मालिकेतील न्यायालयाचा संच सार्वजनिक रस्त्यावरून, लांब पल्ल्याच्या लेन्सने घेतलेला आहे, ज्यामुळे दूरचा घुमट माणसाच्या अगदी पाठीशी आल्यासारखा भासतो. समोर दोन व्यक्ती आहेत: एकीने काळा कोट आणि पांढरी पट्टी घातली आहे, दुसऱ्याने खादीचा सदरा. कनिष्ठ न्यायालयांतील वकिलांना उन्हाळ्यात काळ्या कोटाची सक्ती नसते, उच्च न्यायालयात मात्र ती सूट नाही. जाड भिंती आणि व्हरांडे घेऊन इमारतीने विदर्भाच्या उन्हाशी जुळवून घेतले, पोशाखाने घेतले नाही, हे त्या छायाचित्रात स्पष्ट दिसते.

आता मुख्य मतभेदाकडे वळणे आवश्यक आहे. दीक्षाभूमीचा समावेश करावा, असे विद्यार्थिनीच्या मूळ टिपणात होते, आणि त्यामागचा विचार अत्यंत सबळ होता. आपल्या समाजात वस्त्र हे जातीचे ओळखपत्र म्हणून लादले गेले होते. साडी कोठवर नेसायची, दागिना कोणत्या धातूचा घालायचा, हे दुसरे ठरवत असत. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्त्रियांना उद्देशून केलेल्या भाषणात, अस्पृश्यतेची खूण ठरलेली जुनी नेसण आणि जाड दागिने टाकून देण्याचा स्पष्ट उपदेश केला. जुलै १९४२ मध्ये नागपुरातच भरलेल्या दलित महिला परिषदेला हजारो स्त्रिया आल्या, आणि त्यांत मिलमध्ये राबणाऱ्या स्त्रियाही होत्या. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट घालून दीक्षेला उभे राहिले, तेव्हा समोरचा लक्षावधींचा समुदायही पांढऱ्या वस्त्रांत होता. त्या दिवशी त्या मैदानावर कोणतीही वास्तू नव्हती. पांढऱ्या साड्यांनी आणि सदऱ्यांनी ती जागा आधी घडवली, दगड नंतर आला. शिवदान मल यांनी रेखाटलेल्या स्तूपाचे काम १९७८ मध्ये सुरू झाले आणि डिसेंबर २००१ मध्ये तो खुला झाला. सांचीचा स्तूप भरीव आहे आणि त्याला बाहेरून प्रदक्षिणा घालावी लागते. दीक्षाभूमीचा स्तूप आतून पोकळ आहे आणि माणसे त्याच्या पोटात शिरतात. ज्यांना शतकानुशतके देवळांच्या बाहेर उभे राहावे लागले, त्यांच्यासाठी बांधलेल्या वास्तूला आत यायला जागा असणे याहून योग्य वास्तुरचना दुसरी कोणती असू शकेल?

एवढा सबळ विषय वगळला कसा, असा प्रश्न साहजिक आहे. विद्यार्थिनीने चित्रणापूर्वी इंदोरा या आंबेडकरी वस्तीतील ज्येष्ठ स्त्रियांशी बोलणे केले, आणि त्यांतील काहींनी स्तूपासमोर मॉडेल उभी करण्यास ठाम नकार दिला. दसऱ्याला तेथे माणसे श्रद्धेने येतात, तेथे कपड्याकडे बघायला लावणारे चित्र नको, असे त्यांचे म्हणणे होते. विद्यार्थिनीने ते मान्य केले. त्याऐवजी तिने इंदोरा भागातील घरांमध्ये, चुन्याने पांढऱ्या केलेल्या भिंतींसमोर, त्याच स्त्रियांना त्यांच्या स्वतःच्या पांढऱ्या साड्यांत, त्यांना हव्या त्या रीतीने बसवून छायाचित्रे घेतली. साड्या पेटीतून काढलेल्या आहेत, इस्त्री न केलेल्या आहेत, आणि घडीच्या रेघा चित्रात तशाच आहेत.

या निर्णयावर दोन टोकांकडून टीका झाली. एका गटाच्या मते फॅशनच्या प्रकल्पात या साड्यांना स्थानच नको होते. परीक्षेच्या गुणांसाठी दीक्षेच्या वस्त्रांचा वापर करणे अनुचित आहे. दुसऱ्या गटाचे, ज्यात दलित विद्यार्थ्यांचा भरणा होता, म्हणणे नेमके उलट होते: नागपूरच्या वास्तुवारशाची यादी करताना वाडे आणि इंग्रजी काळातील दगडी इमारती घ्यायच्या आणि शहराची ओळख जगभर नेणारा स्तूप मात्र ‘संवेदनशील’ म्हणून बाजूला ठेवायचा, ही जुनीच रीत आहे, आणि चांगल्या हेतूने केली तरी ती रीतच राहते. वाड्यासमोर मॉडेल उभी करताना कोणाची परवानगी घेतली होती, हा त्यांचा प्रश्न विशेष बोचरा होता, कारण वाड्यांच्या बाबतीत मालकाखेरीज कोणालाही विचारले गेले नव्हते.

प्रस्तुत लेखकाला दुसऱ्या गटाचा आक्षेप अधिक वजनदार वाटतो, तरीही विद्यार्थिनीचा निर्णय चुकीचा वाटत नाही. स्तूप वगळल्याने मालिकेत खरोखरच एक रिकामी जागा राहिली आहे आणि ती भरून निघालेली नाही. पण ज्या स्त्रियांच्या साड्यांमुळे ती जागा पवित्र झाली, त्यांनीच नकार दिला असता त्यांना डावलून चित्रण करणे म्हणजे त्यांच्या वस्त्रांवर पुन्हा दुसऱ्या कोणी हक्क सांगणे ठरले असते. इंदोऱ्यातील संचात पार्श्वभागी स्मारक नाही, घराची भिंत आहे, आणि माझ्या मते मालिकेतील सर्वांत सामर्थ्यवान छायाचित्रे तीच आहेत. त्यांच्यापुढे वाड्याचा सुबक संच फिका पडतो. टीकेनंतर एक महत्त्वाचा बदल झाला. अंतिम मांडणीत न्यायालयाच्या आणि वाड्याच्या संचांनाही सविस्तर नोंदी जोडल्या गेल्या असून, प्रत्येक छायाचित्राखाली वस्त्र कोठे विणले गेले, ते कोणाच्या मालकीचे आहे आणि मागची वास्तू कोणाच्या श्रमातून उभी राहिली, यांपैकी जेवढे ठाऊक आहे तेवढे लिहिले आहे.

मार्च २०१९ मध्ये सुरू झालेल्या मेट्रोचा संच सर्वांत शेवटी घेतला गेला. वर्धा मार्गावर उड्डाणपूल आणि मेट्रो एकाच खांबावर उचललेले आहेत, आणि त्यांच्या सावलीत सकाळी भाजीवाल्या, शिकवणीला निघालेली मुले आणि बांधकाम मजूर एकाच वेळी दिसतात. या संचासाठी विद्यार्थिनीने एकही वस्त्र स्वतः शिवलेले नाही. उन्हासाठी डोक्याला आणि तोंडाला गुंडाळलेले दुपट्टे आणि रुमाल, जे नागपूरकर स्त्रिया दुचाकीवर रोज वापरतात, तेवढेच तिने टिपले आहेत. परीक्षकांपैकी एकाने हा संच फॅशनच्या व्याख्येत बसत नाही असा शेरा दिला असून, त्यावर फेरविचार व्हावा असा अर्ज विद्यार्थिनीने केला आहे. मालिकेचे प्रदर्शन दसऱ्याच्या गर्दीनंतर भरवावे, अशी विनंती इंदोऱ्यातील स्त्रियांनी केली होती आणि ती मान्य झाली आहे.