जुन्या प्लेअरची सुई बदलताय? आधी घरातल्या तबकड्या काढून बघा

कोल्हापुरात कुणाच्या वाड्याच्या माळ्यावरनं जुना रेकॉर्ड प्लेअर निघतो, कुणी भंगारवाल्याकडनं उचलतो, कुणी ऑनलाइन सेकंडहँड मागवतो, आणि मग सगळ्यांचा प्रश्न एकच, "अमुक कंपनीचं मशीन आहे, सुई कुठली घालू?" माझं म्हणणं असं की यात कंपनीचं नाव सगळ्यात शेवटी यायला पाहिजे. पहिल्यांदा घरात तबकड्या कुठल्या आहेत ते बघायचं, मग आर्मच्या (सुई धरणाऱ्या दांड्याच्या) टोकाला कार्ट्रिज, म्हणजे सुई ज्यात बसते आणि तिच्या हालचालीची वीज करते ती डबी, कुठलं आहे ते, आणि मशीनचा मॉडेल नंबर त्याच्याही नंतर. सुई घासते ती तबकडीला, मशीनला नाही.

आणि हे सगळं ठरेपर्यंत एक गोष्ट करू नका. "वाजतंय का बघू तरी" म्हणून घरातली चांगली तबकडी त्या जुन्या सुईखाली लावू नका. आधीच्या मालकानं ती किती तास वाजवली हे तुम्हाला माहीत नाही, आणि झिजलेली सुई जे खरवडून काढते ते परत येत नाही.

कसं होतं ते सांगतो. एलपीवर, म्हणजे विनाइल या प्लॅस्टिकच्या मोठ्या तबकडीवर, सुईचं वजन (सुई तबकडीवर टाकते तो भार) साधारण २ ग्रॅमच्या आसपास ठेवतात. ऐकायला काहीच नाही वाटत, पण हे वजन टेकतं ते खाचेच्या दोन भिंतींवरच्या दोन ठिपक्यांवर, आणि एकेक ठिपका जेमतेम काही मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, शाळेतलंच गणित आहे, क्षेत्रफळ इतकं बारीक झालं की दाब हवेच्या दाबाच्या हजारो पटींत जातो. विनाइल त्याखाली क्षणभर दबतं आणि सुई पुढं गेली की परत जागेवर येतं, म्हणून तर एकच एलपी माणसं आयुष्यभर वाजवू शकतात. पण हे टोक गोल आणि गुळगुळीत असेपर्यंतच. झिजलं की टोकाच्या दोन्ही बाजूंना सपाट पट्ट्या पडतात, त्या पट्ट्यांना धारदार कडा असतात, आणि त्या कडा खाचेतली सगळ्यात बारीक वळणं, म्हणजे वरचे सूर, तासून टाकतात.

हिरा असून झिजतो कसा, असं बरेच जण विचारतात. खाचेत धूळ असते, धुळीत वाळूचे कण असतात, आणि वर सांगितला तसला दाब आणि किलोमीटरच्या किलोमीटर घर्षण. ऑडिओ-टेक्निका ही जपानी कंपनी स्वतःच्या सुयांचं आयुष्य साधारण असं देते: साध्या गोल टोकाला ५०० तास, लंबगोलाला ३००, शिबाटाला ८००, मायक्रोलाइनला १००० (ही टोकांच्या आकारांची नावं, त्यांच्याबद्दल पुढं सांगतो). एलपीच्या दोन बाजू मिळून ४० मिनिटं धरली तर ५०० तास म्हणजे ७५० एलपी. रोज संध्याकाळी दोन वाजवणाऱ्याची वर्षभराची सोय. जुन्या पोर्टेबल प्लेअरवर बऱ्याचदा हिरा नसतोच, कृत्रिम नीलम असतो, आणि तो हिऱ्यापेक्षा फार लवकर उतरायला लागतो.

सुई बघायची कशी? गुजरीत सोनार डोळ्याला लावतात ती दहापट भिंग घ्या. तिनं टोक तुटलंय का, ते टोक जिच्यावर बसवलंय ती काडी वाकलीय का, टोकाला धुळीचा गोळा बसलाय का, एवढं कळतं. झीज मात्र तिनं दिसत नाही, त्याला १०० ते २०० पट मोठं करणारा मायक्रोस्कोप लागतो, लॅपटॉपला लावायचा यूएसबीवालाही चालतो. बाजूनं टॉर्च मारून टोक हळूहळू फिरवा. चांगल्या टोकावर उजेडाचा ठिपका फिरवताना अलगद सरकत जातो. झिजलेल्यावर तो एका कोनात आला की अख्खी पट्टी एकदम लख्खकन चमकते, थोडं फिरवलं की विझते, आणि पलीकडच्या बाजूला दुसरी तशीच. ती जोडी दिसली की ती सुई त्या दिवशीच काढून ठेवायची.

आता तबकड्या. आपल्याकडच्या घरात बहुतेक सरमिसळ असते, नाट्यसंगीताच्या आणि जुन्या सिनेमाच्या मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जड तबकड्या, शास्त्रीयच्या एलपी आणि लहान ४५ फेऱ्यांच्या. युरोप-अमेरिकेत ७८चा जमाना १९६०च्या आसपास संपला, पण भारतात त्या १९६०च्या दशकाच्या शेवटापर्यंत निघत होत्या, त्यामुळं आपल्याकडं हा ढीग मोठा आहे. ७८ची तबकडी लाखेची, एलपी विनाइलची. ७८ची खाच वर साधारण १५० मायक्रॉन रुंद, आणि १९४८ साली कोलंबिया या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीनं आणलेल्या एलपीची त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणून टोकंही वेगळी, ७८साठी सुमारे ७० मायक्रॉन त्रिज्येचं, मोनो एलपीच्या काळात २५चं, स्टिरिओ एलपीसाठी १८ किंवा त्याहून बारीक. एलपीची सुई ७८वर लावली तर ती तळाशी जाऊन कचऱ्यातनं फिरते आणि गाण्यापेक्षा खरखर जास्त येते. उलटं केलं, ७८ची सुई एलपीवर लावली, तर टोक आत जातच नाही, खाचेच्या वरच्या कडांवर बसतं आणि त्या चुरडत जातं. हे दुसरं जास्त वाईट. स्टिरिओची बारीक सुई मोनो एलपीवर चालते, त्याची काळजी नको. फक्त फार जुनं मोनो कार्ट्रिज असेल, ज्याची सुई वरखाली हलतच नाही, तर ते स्टिरिओ तबकडीवर कधीही नको, कारण स्टिरिओच्या खाचेत अर्धी माहिती त्या वरखाली हालचालीतच असते.

तबकडी आणि सुई ही जोडी आहे हे नासालाही पक्कं माहीत होतं. १९७७ साली व्हॉयेजर यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी गेली, तिच्यात केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपल्याकडं बऱ्याच जणांना माहीत असतं, आणि केसरबाई म्हणजे कोल्हापूर दरबारचे गायक अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, त्यामुळं कोल्हापूरकर हे अभिमानानं सांगतो. पण त्याच डब्यात तबकडीबरोबर एक कार्ट्रिज आणि सुईसुद्धा ठेवलीय आणि एक फेरी ३.६ सेकंदांत व्हायला पाहिजे, म्हणजे मिनिटाला १६ पूर्णांक २/३ फेऱ्या, हे कव्हरवर आकृती कोरून सांगितलंय. उघडणारा कुठल्याही ग्रहावरचा असो, त्याला योग्य सुईवाचून ती भैरवी ऐकायला मिळणार नाही.

तबकड्यांची वर्गवारी झाली की कार्ट्रिज. आपल्याकडच्या जुन्या पोर्टेबल प्लेअरमध्ये बऱ्याचदा एक छोटी दांडी असते, ती फिरवली की एका बाजूला ७८ची सुई, दुसऱ्या बाजूला एलपीची. हे क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज. यात सुईची हालचाल एका स्फटिकाला पिळते आणि त्यातनं वीज निघते, १८८० साली पिएर आणि जाक क्युरी या भावांनी शोधलेला गुण. क्रिस्टलवाल्यात तो स्फटिक असतो रोशेल सॉल्टचा, चिंचेला आंबटपणा देणाऱ्या टार्टारिक आम्लाचाच एक क्षार, आणि त्याला दमट हवा अजिबात सोसत नाही. कोल्हापूरचा पाऊस बघता माळ्यावर पडून राहिलेलं क्रिस्टल कार्ट्रिज मेलेलंच निघण्याची शक्यता जास्त, आवाज एकदम बारीक आणि चिरका येतो, आणि लोक त्याला सुई बदलत बसतात. सुईचा दोषच नसतो. तिथं सिरॅमिकचं अख्खं कार्ट्रिज बदलायचं. अशा मशीनवर सुईचं वजनही ५-६ ग्रॅम किंवा जास्त असतं, त्यामुळं जपून ठेवलेल्या चांगल्या एलपी मी त्यावर लावणार नाही. ७८ मात्र बिनधास्त वाजवा.

दुसरा प्रकार मूव्हिंग मॅग्नेट. सुईचा प्लॅस्टिकचा तुकडा पुढं ओढला की निघतो, मागून बघितलं तर काडीच्या दुसऱ्या टोकाला इवलासा मॅग्नेट दिसतो, आणि कार्ट्रिजच्या पोटात तारेची वेटोळी असतात. मॅग्नेट हलला की वेटोळ्यात वीज, फॅरडेचा १८३१ चा शोध. यातनं येणारी वीज फक्त ३ ते ५ मिलिव्होल्ट, सिरॅमिकपेक्षा कितीतरी कमी, म्हणून याला फोनो प्रीअँप, म्हणजे ही बारीक वीज मोठी करणारा भाग, लागतो. सिरॅमिकच्या जागी हे लावलं आणि प्रीअँप नाही, तर आवाज पातळ आणि दबका येणार, मग परत सुईच्या नावानं बोंब.

मूव्हिंग मॅग्नेट असेल तर तुमचं नशीब चांगलं, कारण सुई मशीनच्या नाही तर कार्ट्रिजच्या नंबरावर मिळते. कार्ट्रिजच्या पुढं किंवा वर नंबर असतो, हेडशेल (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) सोडवून टॉर्चनं बघा, फोटो काढा. आधीच्या मालकानं मूळचं कार्ट्रिज बदललेलं असणं अगदी कॉमन आहे, त्यामुळं मशीनच्या मॅन्युअलवर विसंबून सुई मागवली की ती बसत नाही. एकाच अंगात वेगवेगळ्या सुया बसतात हे तर फार सोयीचं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत गोल, लंबगोल, शिबाटा, मायक्रोलाइन आणि ७८ची जाड, सगळ्या एकाच कार्ट्रिजवर चढतात. सरमिसळ संग्रहाला मी हाच रस्ता सांगतो, एक अंग, दोन सुया, एलपीची एक आणि ७८ची एक. मात्र ७८ला वजन ५ ग्रॅमच्या आसपास लागतं, ते प्रत्येक वेळी बदलायचं, आणि तुमच्या मशीनला ७८चा स्पीड आहे का हे आधी बघायचं, नंतरच्या बऱ्याच मशीनना तो नसतोच.

आता टोकाचा आकार, ज्यात खरी गंमत आहे. एलपी मिनिटाला ३३ पूर्णांक १/३ फेऱ्या फिरते, वेग तोच, पण कडेला सुईखालनं सेकंदाला सुमारे ५१ सेंटिमीटर खाच जाते आणि लेबलजवळ फक्त २१. म्हणजे तोच सूर आत जाईल तसा कमी जागेत कोंबलेला असतो. १० हजार हर्ट्झचा आवाज घ्या, 'स'-'श'ची धार, झांजेची चमक, त्याची एक लाट बाहेरच्या कडेला ५१ मायक्रॉन लांब, आत २१. आणि साधं गोल टोक १८ मायक्रॉन त्रिज्येचं, म्हणजे ३६ मायक्रॉनचा गोळा. तो २१च्या लाटेत उतरणार कसा? उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्याला हे सांगायला नको, टूलच्या नाकाची रेडियस मोठी असली की आतला बारीक कोपरा निघत नाही. लंबगोल टोकाच्या बाजूची त्रिज्या ८ मायक्रॉनच्या आसपास, ती बरीच आत शिरते, आणि शिबाटा-मायक्रोलाइनसारख्या टोकांची ३ ते ६. शिबाटा हे टोक तर १९७०च्या दशकात जेव्हीसी या जपानी कंपनीनं चार चॅनेलच्या तबकड्यांसाठी केलं, त्यांच्या खाचेत ३० हजार हर्ट्झचा, माणसाला ऐकूच न येणारा सिग्नल असायचा आणि तो वाचायचा होता.

आपल्या ऐकण्याच्या दृष्टीनं याचा अर्थ बघा. ख्यालाच्या एलपीवर बाजू सुरू होते विलंबितानं, संथ, बाहेरच्या कडेला, जिथं लाटांना भरपूर जागा असते, आणि द्रुत, ताना, तबल्याची सगळी धावपळ येते शेवटी, लेबलजवळ, जिथं सुईला सगळ्यात कठीण जातं. सिनेमाच्या गाण्यांच्या ४५वर हे तितकं जाणवत नाही, पण जयपूर घराण्याचं गाणं ऐकणाऱ्यानं गोल टोकावर पैसे वाचवू नयेत असं माझं ठाम मत आहे. लंबगोल तरी घ्याच. आणि तबकड्या दुसऱ्यांनी वाजवून झिजवलेल्या असतील तर पातळ रेषेसारखं टेकणारं टोक अजून एक उपकार करतं, जुन्या गोल सुया भिंतीच्या एका उंचीवर घासलेल्या असतात आणि हे टोक उंच पट्टीवर टेकत असल्यानं थोडी न झिजलेली भिंतही त्याला मिळते. उलट बाजू अशी की ते नीट सरळ बसवावं लागतं, आणि आर्म साधा, ढिला असेल तर त्या टोकाचे पैसे वाया जातात. घाईत कुणी विचारलं तर मी लंबगोलच सांगतो.

"जुना ओरिजिनल, पॅकबंद" म्हणून विकल्या जाणाऱ्या सुयांना लगेच भुलू नका. काडी ज्या रबराच्या बुचात बसते ते रबर पाकिटातल्या पाकिटात पन्नास वर्षांत कडक होतं, आणि कडक रबराची सुई न वापरलेली असूनही खाचेत नीट हलत नाही. शुअर कंपनीनं तर २०१८ मध्ये कार्ट्रिज-सुयांचा धंदाच बंद केला, त्यामुळं तिच्या जुन्या कार्ट्रिजला आज जपानच्या जिको कंपनीची ताजी बनवलेली सुई घेणं मला जास्त पटतं. आणि जाहिरातीत टोकाचा आकारच लिहिलेला नसेल, नुसतंच 'डायमंड स्टायलस' असेल, तर विकणाऱ्याला आकार विचारा, उत्तर आलं नाही तर सोडून द्या.

सुई बसवल्यावर वजन मोजल्याशिवाय वाजवू नका. सोन्या-चांदीसाठी मिळतो तो ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा काटा पुरतो, फक्त त्याच्या लोखंडी ताटलीला मॅग्नेट ओढला जात नाही ना ते बघा. कार्ट्रिजवाल्यानं दिलेल्या मर्यादेत मधलं किंवा किंचित वरचं वजन ठेवा. वजन कमी ठेवलं की तबकडी वाचते हा गैरसमज आहे, हलकी सुई जोराच्या जागी उडते आणि परत आपटते, त्यानं जास्त इजा होते. पावसाळ्यात तबकड्यांवर बुरशीचे पांढुरके डाग येतात, तेही आधी धुवून काढा, नाहीतर नवी सुई पहिल्याच दिवशी ते खाचेत भरडेल.

मग एखादी स्वस्तातली, गेली तरी चालेल अशी एलपी घ्या आणि सुई पहिल्या गाण्यावर न ठेवता शेवटच्या गाण्यावर, लेबलजवळ ठेवा. शब्दातला 'स' स्वच्छ येतोय का फाटतोय, एवढंच ऐका. फाटत असेल तर वजन परत मोजा, सुई समोरून सरळ उभी आहे का बघा, टोकाला कचरा बसलाय का बघा, आणि एवढं करूनही फाटत असेल तर दुसऱ्या एका तबकडीवर तीच जागा ऐका, कारण तिथं स्वच्छ आलं तर सुई ठीक आहे आणि पहिली तबकडीच कुणीतरी आधी खराब करून ठेवलीय.