गच्चीला चायना मोझेक, शेडला पांढरा पत्रा : काम सांगण्याआधी हे वाचा

मे महिन्यात वरच्या मजल्यावर रात्री अकरालाही पंखा गरम वारा फेकतो, हे बडोद्यात कुणाला सांगायला नको. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर ते खाली सोडत बसतो. आपलं शहर कर्कवृत्ताच्या जरा खाली असल्यामुळे मे-जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे घराच्या भिंतींपेक्षा छपराला जास्त सोसावं लागतं. भर दुपारी छपराच्या एका चौरस मीटरवर साधारण १००० वॅट ऊन पडतं. काळवंडलेला सिमेंटचा स्लॅब त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश आत घेतो. स्वच्छ पांढरा पृष्ठभाग तेवढंच परत पाठवतो. आमचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा आहे आणि आम्ही ती भंगारातून साधतो.

स्लॅबच्या गच्चीसाठी आम्ही फुटक्या टाइल्सचं चायना मोझेक करतो. गुजरातेत ही पद्धत जुनीच आहे. सुरसागर तलावाच्या आसपासच्या कुठल्याही उंच गच्चीवरून पाहा, चारदोन तरी दिसतील. टाइल्सचा माल येतो मोरबीहून. वाटेत आणि गोदामात पेट्या फुटतात, दुकानदाराला तो माल ओझं होतो. आम्ही तो उचलतो आणि त्यातून फक्त पांढरे आणि हस्तिदंती, चकाकी असलेले तुकडे निवडतो. रंगीत तुकडे वेगळे ठेवतो. कुणाला मधोमध लाल कमळ हवं असतं, ते खुशाल करून देऊ. मात्र अर्धी गच्ची गेरूच्या रंगाची करून वर खोली थंड का होत नाही असं विचारू नये.

तुकडा अडीच ते पाच सेंटिमीटरचा ठेवतो. त्याहून बारीक केला तर सांधे वाढतात, आणि सांध्यात साधं राखाडी सिमेंट भरलं तर गच्चीचा मोठा भाग पुन्हा राखाडीच राहतो. म्हणून सांधे पांढऱ्या सिमेंटनेच भरायचे. चारशे-पाचशे रुपये वाचवायला गवंडी इथेच हात आखडता घेतो. तेव्हा उभं राहून बघा. तुकडे लाकडी थापीने एका पातळीत ठोकले, वरचा सिमेंटचा घोळ ओला असतानाच गोणपाटाने पुसला आणि शेवटी लाकडाच्या भुशाने घासला, की पांढरेपणा उघडा पडतो. काम देण्याआधी आमचा मिस्त्री सगळ्या गच्चीवरून उघडा तळहात फिरवतो. उत्तरायणाला पोरं अनवाणी पळतात आणि नजर पतंगावर असते, त्यामुळे वर आलेली एकही धार चालत नाही.

दोन गोष्टी आधीच सांगून ठेवतो. मोझेक गळती थांबवत नाही. गच्ची गळत असेल तर आधी भेगा, मग वॉटरप्रूफिंग, कठड्याच्या कडेने गोल वाटा (कोपरा बुजवणारा सिमेंटचा गोलवा), पाण्याला उतार. त्यानंतर ४८ तास पाणी भरून ठेवायचं आणि खालून छत कोरडं दिसलं तरच तुकडे लावायचे. दुसरी गोष्ट वजनाची. २५ मिलिमीटर मसाला आणि वर टाइल मिळून चौरस मीटरला ६५ ते ७० किलो भार वाढतो. मांडवी-वाडीकडच्या जुन्या घरांत लाकडी तुळयांवर माती-चुन्याचं धाबं असतं, तिथे आम्ही मोझेक करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. तिथे पांढरा चुना किंवा परावर्तक रंगच बरा.

पत्र्याच्या शेडचं गणित वेगळं आहे. तो पत्रा आम्ही ताकाच्या आणि फळांच्या रसाच्या रिकाम्या खोक्यांपासून करतो. त्यांत साधारण ७५ टक्के कागद, २० टक्के पॉलिथिन आणि ५ टक्के अ‍ॅल्युमिनियम असतं. कागद गिरणी पाण्यात घुसळून कागद काढून घेते. उरतात प्लास्टिक आणि अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटलेल्या झिरमिळ्या. त्या सहसा कुणाला नको असतात, आमचा कच्चा माल तोच. झिरमिळ्या धुऊन पूर्ण वाळवतो, कारण ओल राहिली तर दाबताना वाफ होऊन पत्र्यात फुगे येतात. मग बारीक करून सारख्या थरात पसरायच्या, गरम प्रेसमध्ये पॉलिथिन वितळून सगळं एकजीव होईपर्यंत दाबायचं, आणि गरम असतानाच नालीदार साच्यात थंड करायचं. चिकटवायला वेगळा डिंक लागत नाही, पॉलिथिन स्वतःच ते काम करतं.

साच्यातून निघालेला पत्रा करडा असतो, त्यात चांदीसारखे ठिपके चमकतात. ते पाहून लोक म्हणतात, यात अ‍ॅल्युमिनियम आहे, मग रंग कशाला? चमकणारा धातू ऊन परतवतो हे खरं, पण जे थोडं आत शिरतं ते तो सहजी बाहेर सोडत नाही. नवाकोरा जस्ती पत्राही म्हणूनच तापतो. इथे तर ते ठिपके प्लास्टिकमध्ये गाडलेले. ऊन परतवतो तो वरचा पांढरा थर. तो बसवणं मात्र कटकटीचं काम आहे, कारण पॉलिथिन रंग धरत नाही. आम्ही पृष्ठभागावरून गॅसची ज्योत झरझर फिरवतो, लगेच प्रायमर देतो आणि मगच पांढऱ्या रंगाचे दोन हात. हा थर उन्हाने प्लास्टिक ठिसूळ होण्यापासूनही वाचवतो. बाजारात बिनरंगी पत्रा स्वस्त मिळेल. गोठ्याच्या आडोशाला चालेल, राहत्या खोलीवर नको.

बसवताना खिळा ठोकू नका. उन्हात हा पत्रा लोखंडापेक्षा बराच जास्त पसरतो, म्हणून भोक स्क्रूपेक्षा मोठं पाडायचं, वर रबरी वॉशर, आणि स्क्रू नालीच्या माथ्यावर, खोलगटात नाही. खालच्या आडव्या पाइपांमध्ये अडीच फुटांपेक्षा जास्त अंतर नको, नाहीतर दोन उन्हाळ्यांत पोट सुटतं. वानरांच्या उड्या तो झेलतो. माणसाने मात्र फळी टाकूनच चढावं, उत्तरायणाला तर चढूच नये. आणि हे प्लास्टिक आहे, जळतं. फरसाणाची भट्टी, चूल, वेल्डिंग यांच्या वर आम्ही हा पत्रा विकत नाही.

जुने अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे काढायचे असतील तर ते फोडू नका, कोरडे कापू नका. पाणी मारून ओले ठेवा आणि अख्खे उतरवा. त्यांची धूळ फुफ्फुसाला घातक असते.

फरक किती पडेल? अशा छपरांनी खोलीत २ ते ५ अंशांचा उतार मिळतो, असं साधारणपणे सांगितलं जातं. पश्चिमेच्या भिंतीवर सावली नसेल, खिडक्या बंद असतील, तर २ अंशच धरा. खालच्या मजल्यावर काही फरक जाणवणार नाही. पत्र्याच्या खोलीत दुपारी पटकन कळतं; स्लॅबखाली रात्री जास्त कळतं.

धूळ बसली की पांढरेपणा उतरतो आणि त्याबरोबर फायदाही. होळीच्या सुमारास एकदा झाडू-पाण्याने धुवा, पावसाळ्यानंतर शेवाळ ब्रशने काढा. मोझेकवर अ‍ॅसिड ओतू नका. सफाई झटपट होते, पण सांध्यातलं सिमेंट खाऊन टाकतं. कुरडया-पापड वाळतील का, हा आमच्याकडे सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न! वाळतात. ऊन तेवढंच असतं, फक्त फरशी कमी तापते. धोतर अंथरा आणि डोळ्यांवर तिरीप येते म्हणून दुपारी टोपी घाला. पोळमध्ये, म्हणजे जुन्या शहरातल्या दाटीच्या गल्लीत घर असेल तर समोरच्या वरच्या खिडकीत ती तिरीप जाते का, हे आम्ही माप घ्यायला येऊ तेव्हा पाहूच. जात असेल तर त्या बाजूला चकाकी नसलेले तुकडे लावतो.

दर इथे छापलेला नाही, कारण फुटक्या मालाचा भाव महिन्याला बदलतो. गच्चीचं लांबी-रुंदीचं माप, वरून एक आणि खालच्या छताचा एक फोटो आणा, अंदाज लगेच देऊ. मोझेकचं काम होळी ते मेअखेर घेतो. पाऊस पडायला लागल्यावर आलात तर दसऱ्यानंतरची तारीख मिळेल.